सॅमदादाचं ‘नाही’

फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या एका कंपनीत कॅन्टीनच्या थाळीचा दर वाढवून मागत होते. फोन ठेवला, तर माझा चेहरा पाहून समोरच्या मॅनेजरने मुकाट्याने दर मान्य केला. न भांडता मिळालेली माझ्या धंद्यातली ती पहिली वाढ. माझा थोरला भाऊ, सॅमदादा, गेला होता… आणि माझं त्याच्याशी चाललेलं भांडण संपल्यासारखं होऊनही संपलं नव्हतं.

भांडण देवावरून. आम्ही येरवड्यातले ख्रिस्ती. बाबा शाळामास्तर, रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन त्यांच्याकडे असे. मी लहान असताना आई आजारपणात गेली. दादा तेव्हा कॉलेजात होता. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही. नवा सूट घालून फाटकाबाहेर उभा राहिला आणि पाहुण्यांना गाड्या कुठे लावायच्या ते सांगत बसला. मी बाबांचा हात धरून आत चालत गेले ती रागाने फणफणत. तो राग मी पुढे जपून ठेवला.

मग पुण्यात कॉम्प्युटर आले, कंपन्या आल्या. दादा प्रोग्रॅमर झाला. मी तशाच कंपन्यांना डबे पुरवता पुरवता कॅन्टीन चालवायला लागले. प्रार्थनेच्या बळावर उभी राहिले, असं मी सगळ्यांना सांगे. प्रार्थना कशी, तर हे कंत्राट मिळू दे, चर्चच्या छताला नवे पत्रे मी घालून देते. दादा विचारायचा, “रुथ, तू आणि तुझा देव, दोघांत आधी कोण नमतं गं?”

कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं होतं. बाबांची नजर गेली तसा तो सगळं सोडून परत आला. आणि त्यानंतर आमच्या घरात मी जे पाहिलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. देव न मानणारा हा माणूस ऑफिसातून यायचा, हातपाय धुवायचा आणि बाबांच्या खाटेशी बसून त्यांना बायबल वाचून दाखवायचा. रोज. उरकल्यासारखं नाही, तर सावकाश, ओळीच्या शेवटी थांबून, बाबांचे ओठ हलायचे थांबले की पुढची ओळ. एकदा त्याचा घसा बसला होता, म्हणून मी म्हटलं, आज मी वाचते. बाबा म्हणाले, “तू बिल वाचल्यासारखं वाचतेस. सॅमला बरं वाटू दे.” रविवारी तो बाबांना स्कूटरवरून चर्चला सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या टपरीवर पेपर वाचत बसायचा.

“पटत नाही तर वाचतोस कशाला?” मी एकदा विचारलं.

“ऐकायचं बाबांना आहे. माझ्या पटण्याचा काय संबंध?”

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली आणि यंदा दादाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी हात टेकले. मी नाही टेकले. हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून मी घासाघीस सुरू केली. “पाळकसाहेबांना घेऊन येते. तू नुसता पडून राहा.”

“नको.”

“बरं, प्रार्थना मी करते. तू शेवटी फक्त आमेन म्हण.”

“नको गं.”

“मग मनातल्या मनात म्हण.”

“म्हटलं की नाही, ते तुला कसं कळणार? फसवीन मी तुला.”

माझा तोल गेला. शेजारच्या खाटांवरचे पेशंट वळून बघायला लागले, एवढ्या आवाजात मी म्हटलं, “कसला रे एवढा माज? जाताना बहिणीसाठी एक शब्द निघत नाही तुझ्या तोंडून?”

दादाने उशीवरचं डोकं माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, “आईला पुरून आलो त्या संध्याकाळी चर्चच्या मंडळीतले एक ज्येष्ठ बाबांना म्हणाले, मास्तर, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला. मी दाराशी होतो. बाबांनी मान डोलावली, रुथ. त्यांना ते जन्मभर खरं वाटलं. देव असेल, तर कमी पडले ते बाबा. नसेल, तर त्यांचं काहीच चुकलं नाही. मला बाबांना दोष देणं जमलं नाही.”

“अरे, पण तो माणूस चुकीचं बोलला असेल.”

“असेलही. पण बाबांना ते कोण सांगणार? माझं त्यांनी ऐकलं नसतं. म्हणून तर रोज वाचायचो… दयेची, क्षमेची पानं शोधून शोधून. म्हटलं, त्यांच्या देवाचं तरी ऐकतील.”

नास्तिक म्हणजे देवाकडे गर्वाने पाठ फिरवलेला माणूस, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. इथे माझ्यासमोर एक माणूस होता, ज्याने बापाच्या मायेपोटी देव नाकारला आणि त्याच मायेपोटी देवाचे शब्द बापाच्या कानी घातले. विश्वास मोजून घेणारा जो देव त्याने नाकारला, त्याच्याशीच तर मी इतकी वर्षं सौदे करत होते. माझा प्रभू तो नव्हे, हे मला चर्चमध्ये न गेलेल्या भावाने दाखवलं. त्याच्यापुढे मला फार लहान वाटलं, आणि का कोण जाणे, त्याचा रागही आला.

आमेन त्याने म्हटलं नाही. ती तक्रार माझी आहे, आणि राहील. संध्याकाळी कॅन्टीन बंद करून मी त्याच्या खोलीत जाते. खिडकीत त्याची कुंडी आहे, तिला पाणी घालते आणि त्याच्या खुर्चीत बसते. प्रभू, याला बाबांजवळ ठेव, एवढंच म्हणते. बदल्यात काय देईन, ते ओठांवर येतं… आणि मी गप्प बसते.