सासऱ्यांचं विच हेझल

थंडीची इतक्या आतुरतेनं वाट पाहणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात माझ्या सासऱ्यांशिवाय दुसरा नसेल. पिंगळीला हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले आमचे अप्पा गेली काही वर्षं अंगणात विच हेझल नावाचं परदेशी झुडूप वाढवताहेत. माझी मेहुणी कॅनडात नर्स आहे. तिच्या दारात हे झुडूप भर बर्फात पिवळीधमक, दोऱ्यांसारखी फुलं धरतं. शेवटची आली तेव्हा तिनं त्याचं बी आणलं आणि म्हणाली, “अप्पा, हे आपल्या दारात फुललेलं मला बघायचंय.” झालं! अप्पांनी ते सरकारी आदेशासारखं मनावर घेतलं.

रुजण्याआधी बियांना थंडी लागते म्हणून त्या दोन वर्षं फ्रिजात राहिल्या आणि दही बाहेर आंबत बसलं. रोप आल्यावर तर घरातल्या कूलरचं तोंडच अंगणाकडे फिरलं. मे महिन्यात घाम पुसत मी कुरकुरलो, तर म्हणाले, “जावईबापू, तुमाला पाय हायत, सावलीला जा. ते कुठं जाईल?” दुपारी रसवंतीवरून बर्फ आणून ते मुळाशी ठेवत. रसवंतीवाल्यानं विचारलं, “गुरुजी, पाहुणे लय आलेत का?” तर म्हणे, “एकच हाय, पण लय नाजूक हाय.” कडक थंडी मुरल्याशिवाय ते फुलत नाही, म्हणून हिवाळ्यात पारा उतरला की त्यांचा चेहरा उजळायचा. धग लागेल म्हणून गल्लीची शेकोटीसुद्धा त्यांनी चार घरं पलीकडे हलवली. फूल मात्र एकाही हिवाळ्यात आलं नाही.

यंदा डिसेंबरात आम्ही मुक्कामाला होतो. उजाडताना अप्पांच्या हाकेनं मी बाहेर आलो, तर झुडपावर सासूबाईंची गोधडी, सुतळीनं नीट बांधलेली. नंतर कळलं, रोज अप्पा उठायच्या आत त्या ती काढून ठेवत. त्या दिवशी त्यांना जाग आली नव्हती.

“किती दिवस चाललंय हे?” अप्पांचा आवाज चढला.

“दर हिवाळ्यात घालते,” दारात येऊन सासूबाई म्हणाल्या. “तिकडं लेक बर्फात राहायलीय. तिच्यावर पांघरूण घालायला माजा हात पोचत न्हाई. दारातलं तरी कसं कुडकुडू देऊ?”

आता भडका उडणार म्हणून मी घाईनं सुतळीला हात घातला. अप्पांनी माझं मनगट धरलं. यंदाही फूल येणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

“ऊन वर येऊस्तोवर राहू द्या,” ते म्हणाले, आणि वाऱ्यानं सुटलेलं गोधडीचं टोक त्यांनी वाकून खोचून दिलं.