ताटात पडलेला चेक

दौंडच्या बँकेत एक मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. अमेरिकेतल्या भावानं भाऊबीजेला पाठवलेला डॉलरचा चेक हातात, त्याच्या कोपऱ्याला कुंकू लागलेलं.

क्लार्क म्हणाला, "मावशी, हा वटवायचा तर निम्मे पैसे बँकेच्या चार्जेसमध्येच जातील. भावाला सांगा, सरळ खात्यात पाठवा म्हणावं."

"खात्यात आल्यावर ताटात काय पडंल?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. त्याच्या फोटूला ओवाळलं, चेक ताटात पडला. पोचली माझी ओवाळणी."

पदरानं चेक पुसून त्यांनी पिशवीत ठेवला. कुंकवाचा कोपरा मात्र पुसला नाही.

माझा भाऊ इथं जवळच, शिरूरला असतो. भाऊबीजेला माझा फोन वाजतो, पैसे जमा होतात, मी 'मिळाले' लिहिते. ओवाळायचं ताट कुठं ठेवलंय, ते आता आठवत नाही.