पेटीतलं झेंडूचं फूल

खंडेनवमीला दुपारी मी यंत्राची पूजा केली आणि यंत्रच बंद पाडलं. पूजेनं यंत्र बंद पडू शकतं, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

मिरजगावजवळच्या आमच्या गावात दूध संकलन केंद्र आहे. तिथली दूध गार करायची टाकी मी सांभाळतो. टाकीशेजारी भिंतीवर एक पेटी आहे. दूध किती गार ठेवायचं ते तिच्यातलं इलेक्ट्रॉनिक कार्ड ठरवतं. यंदा जुनी पेटी जाऊन नवी आली. जुनीत मी येता-जाता हात घालायचो. त्याच सवयीनं मेन स्विच बंद केला, नवीचे स्क्रू काढले, कार्डाच्या कडेला हळदकुंकवाचं बोट टेकवलं, एक झेंडूचं फूल ठेवलं, दार लावून नारळ फोडला.

स्विच चालू केला तर नुसता लाल दिवा. टाकी गप्प. आत सगळ्या गावाचं सकाळचं दूध, त्यात आमच्या म्हशींचंही. तापमानाचा आकडा हळूहळू वर चढायला लागला. पेटीच्या कंपनीतल्या इंजिनिअरला पुण्याला फोन लावला. पेटी उघडली का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, उघडली तशी नाही, पूजा केली.

"आत काही नवीन बसवलंय का, काका?"

"फूल."

कसलं फूल, ते त्यानं आधी विचारून घेतलं. मग त्यानं समजावलं. कुणी बाहेरून खोटा प्रोग्राम घुसवून दूध नासवू नये, म्हणून कार्डावर एक चिप आहे. यंत्र सुरू होताना ती आधी सगळं तपासून घेते. पेटी न विचारता उघडली, की ती काहीच चालू होऊ देत नाही. मी म्हटलं, अहो, पण मी इथलाच आहे. तो म्हणाला, ते तिला कसं कळणार? जिला आत्ताच कुंकू लावलं तिला मी परका कसा, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

फूल काढलं, कुंकू कोरड्या फडक्यानं पुसलं, फोटो पाठवले. तो तिकडे तपासत होता तोवर मी टाकीवर ओली गोणपाटं टाकली. त्या जाड पत्र्याला गोणपाटाचा काय उपयोग, ते मलाही माहीत नव्हतं. संध्याकाळच्या दुधाची किटली घेऊन बायको आली ती दारातच उभी राहिली. शेवटी पुण्याहून परवानगी आली, दिवा हिरवा झाला, मशीन घरघरलं. दूध तपासलं, वाचलं होतं.

किटली रिकामी करून बायको माझ्याबरोबर घरी आली. चपला काढता काढता म्हणाली, "देवळात गुरवानं अडवलं, तर आपन उंबऱ्यावरनंच हात जोडतो न्हवं? पेटीच्या दाराला कुंकू लावलं असतं, तर आत पोचलं नसतं व्हय?"