धाकट्या जावेला परदेशाचं बोलावणं

माझी धाकटी जाऊ छान गाते. हे कबूल करायला मला आजही जड जातं. देवळालीच्या आमच्या चर्चमध्ये नाताळला एकटीनं म्हणायचं गाणं आधी माझ्याकडे असायचं. ती लग्न होऊन आली आणि माझी रवानगी मागच्या रांगेत झाली.

गेल्या वर्षी नाताळ सरला आणि तिला ईमेल आला. परदेशातल्या कुठल्याशा चर्चच्या मंडळीनं म्हणे तिचा आवाज मोबाईलवर ऐकला, मोठ्या सभेत गायला बोलावलंय. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! तिनं मात्र लगेच घरी उपकारस्तुती ठेवली. आमच्यात काही चांगलं घडलं की आधी प्रार्थना, मग जेवण. पाळकांनी रविवारी चर्चमध्ये जाहीरही केलं. व्हिसाचा पत्ता नाही, तिकिटाचा नाही, आणि अख्खी आळी रस्सा ओरपून, आशीर्वाद देऊन गेली. आता माघार घ्यायला तिला तोंड कुठं राहिलं होतं?

मी तो मेल वाचायला मागितला. खोट काढायलाच मागितला, लपवायचं काय त्यात? आणि निघाली की! वर तिचं नावच नाही, नुसतं ‘प्रिय भगिनी’. एवढी मोठी मंडळी, पण पाठवणाऱ्याचा ईमेलचा पत्ता कुणाही ऐऱ्यागैऱ्याला फुकटात काढता येतो तसला. खाली लिंक. आठ दिवसांच्या आत बँक खात्याची माहिती आणि ओटीपी भरा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. ती द्यायला निघाली होती दिरांचं खातं, आणि त्यात नुकतंच उसाचं पेमेंट जमा झालं होतं. त्यावर घर वर्षभर चालतं.

“अगं, हे लुबाडायचं काम हाय,” मी म्हणाले.

“ताई, तुमाला बघवत न्हाई, व्हय ना?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हणजे माझं जळणं घरभर ठाऊक होतं! असा संताप आला, वाटलं, जाऊ दे, भर बाई, भर.

खोलीत जाऊन मी माझे मेल उघडले. स्पॅममध्ये तोच मेल. ‘प्रिय भगिनी, आम्ही आपला आवाज ऐकला.’ खोटं कशाला बोलू, क्षणभर काळीज सुपाएवढं झालं. मलाही! मग आठवलं, माझं गाणं मोबाईलवर कधी कुणी टाकलंच नव्हतं.

बाहेर आले तर जाऊ खात्याचा नंबर भरून ओटीपीची वाट बघत बसलेली. मी तिच्या हातातला फोन ओढला आणि माझ्या फोनवरचा मेल मोठ्यानं वाचायला लागले. पहिलीच ओळ झाली होती.

सासूबाई म्हणाल्या, “तुला बोलावलं? मग हे खोटंच हाय.”

जावेनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, माझ्या हातातून आपला फोन घेतला आणि ती लिंक बंद केली. दीर, मागाहून कळलं तेव्हा पाळक, शेजारीपाजारी, सगळ्यांना ते एका झटक्यात पटलं. पुढची ओळ वाच म्हणून मला कुणी म्हटलंसुद्धा नाही.