जेवणाआधी अर्धा तास

बंगालमधल्या काटवा गावात पोट धड असलेला माणूस औषधालाही सापडायचा नाही. डोकं दुखलं तरी अंबल, म्हणजे आपलं पित्त. जावई रुसला तरी अंबलच. त्यामुळे निवृत्त ग्रंथपाल हैमंती सान्याल यांची छाती रोज दुपारी जळते, याचं कुणाला काही वाटत नव्हतं. नवल वाटलं ते औषधवाल्या शिबुपदला. पंधरा गोळ्यांची पट्टी त्यांना पाच दिवसही पुरेना.

"माशीमा, मुरमुऱ्यांसारख्या खाताय का गोळ्या?" त्यानं विचारलं. गावातल्या सगळ्या मावश्या त्याच्या माशीमा. "वर हे गुलाबी औषध, तेही बाटल्याच्या बाटल्या."

"गुलाबीनं घटकाभर गार तरी वाटतं. तुझी गोळी काही कामाची नाही."

"गुलाबी औषध पोटात तयार असलेल्या आम्लावर पडतं, ते मारतं आणि संपतं. गोळी आम्लाला हातच लावत नाही. ती रक्तातून जठराच्या भिंतीशी जाते. तिथे आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. जो पंप चालू असेल तोच तिच्यानं बंद पडतो, आणि पंप जोरात चालतात ते जेवताना. तुम्ही गोळी कधी घेता?"

"साडेबाराला. जेवणाआधी अर्धा तास, तूच सांगितलंस तशी. मग जळजळलं की आणखी दोन-तीन."

"आणि जेवता?"

"एकला."

"मग खोटं कोण बोलतंय? गोळी की तुम्ही?"

हैमंतीबाई छत्रीची मूठ चाचपत राहिल्या. मग त्यांनी सांगून टाकलं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा, बुबाई, नोकरीला बंगळूरला. पोराच्या पोटात भात गेल्याशिवाय आईनं घास घ्यायचा नाही, एवढा एकच नेम त्यांच्याकडे उरला होता. 'मा, जेवलो' हा निरोप मोबाइलवर कधी तीनला येई, कधी साडेचारला. तोवर झाकल्या ताटासमोर त्या बसून राहत.

"म्हणजे गोळी येते, पंप झोपलेले बघते आणि निघून जाते," शिबुपद म्हणाला. "मग तुम्ही जेवता, पंप सुरू होतात आणि अडवायला कुणी नाही. पोराला सांगा ना लवकर कळवायला."

"नको रे. ओझं वाटलं तर तेवढंही बंद करेल."

दुसऱ्या दिवशी त्या एकला जेवल्या. पोराआधी जेवताना चोरी केल्यासारखं वाटलं. पण चार-पाच दिवसांत जळजळ गेली. मग एका दुपारी 'मा, जेवलो. तू?' असं आलं, तेव्हा त्यांनी खरं ते कळवलं. लगेच फोन वाजला.

"खरंच आधी जेवलीस?"

"हो. औषधासाठी जेवावं लागतं."

"बरं झालं, मा. कितीदा तर मी जेवलेलोच नसायचो. तू उपाशी राहशील म्हणून मीटिंगमधूनच खोटं लिहायचो. आता ती घाई नको ना?"

"नको," त्या म्हणाल्या.

त्याचं चुकलं नव्हतं, म्हणूनच फार लागलं. निरोप आधी दिवसाआड झाले, मग फक्त रविवारी. पोट शांत झालं. घरही इतकं शांत झालं की त्यांना ते सोसवेना.

एक दिवस पाऊण वाजता त्या शिबुपदच्या दुकानात आल्या. घरी पट्टी अर्धी शिल्लक होती.

"जळजळ?" शिबुपदनं विचारलं.

"नाही."

"मग काय देऊ, माशीमा?"

"काही नको. तू भात खाल्लास का?"

"अजून नाही. गिऱ्हाईक आहे ना."

"मग खा पटकन," हैमंतीबाई बाकावर बसत म्हणाल्या. "साडेबाराला गोळी घेतलीय मी."