पाध्येकाकांच्या चार ओळी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. वाराणसीत भेलूपुरात तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, तिथे तर आठवड्याला एखादा नक्की. दुकानदारांच्या, लॉजवाल्यांच्या वेबसाइटसाठी मराठी-हिंदी मजकूर लिहून द्यायचा हा आमचा धंदा. मालक तिवारीजी. मी मधुरा, कंटेंट मॅनेजर. म्हणजे काही बिघडलं की पहिला फोन मला! माझा स्वभाव आधीच काळजीखोर. त्यात पाध्येकाकांना नोकरीवर घ्या म्हणून मीच तिवारीजींच्या मागे लागले होते. काका आमच्या दूधविनायक गल्लीतले. तीस वर्षं जाहिराती, माहितीपत्रकं आणि मग वेबसाइट लिहिण्यात गेलेली, आता साठीला टेकलेले. त्यांचं काही चुकलं तर बोट माझ्याकडे येणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

* * *

आणि पहिल्याच दिवशी काकांनी एक अक्षर लिहिलं नाही.

काम होतं रामनगरच्या एका साडीवाल्याचं. काकांनी मला तीन प्रश्न विचारले. "कोण वाचणार? कुठे बसून वाचणार? वाचून झाल्यावर काय करणार?" मला एकाचंही उत्तर येईना. "मग मी जाऊन येतो," म्हणाले, आणि चक्क नावेत बसून रामनगरला गेले!

तिवारीजी दर तासाला केबिनमधून डोकावत होते. "आपके पाध्येजी कहाँ हैं?"

"रिसर्च कर रहे हैं, सर."

संध्याकाळी काका उगवले ते चार ओळी घेऊन. दिवसभर दुकानात नुसते बसून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकत होते म्हणे. "अगं, इतकी गर्दी, पण प्रत्येकीचा सवाल एकच. हातमागाची की मशीनची, ओळखायची कशी?" काकांनी तेवढंच लिहिलं होतं. पहिली ओळ होती, 'साडी उलटी करून बघा.' पुढच्या तीन ओळींत उलट्या बाजूला काय दिसतं ते.

तिवारीजींनी कागद मागून-पुढून पाहिला. "दिन भर में चार लाइन?"

पंधरा दिवसांनी साडीवाल्याचा फोन आला. मी घाबरत घाबरत उचलला. तो म्हणाला, "मैडम, आजकल जो भी आती है, पहले साड़ी उलटती है, फिर बिना पूछे ले जाती है!"

* * *

तरी दिवसाला चार ओळी हे तिवारीजींच्या मनात सलत राहिलंच. त्यांनी एक सॉफ्टवेअर आणलं. ते मिनिटाला दहा पानं लिहायचं. तिवारीजी त्याच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसे बघायचे.

पहिलं काम एका नाववाल्याचं. सॉफ्टवेअरने झोकात लिहिलं, 'आमच्या नावेतून अनुभवा गंगेपलीकडे मावळणारा सूर्य!' मी वाचलं, छान वाटलं आणि पाठवून दिलं. माझा जन्म इथला! रोज सकाळी गंगेपलीकडच्या वाळूवर सूर्य उगवताना बघत मी मोठी झाले. पण त्या दिवशी हातावेगळं करायची इतकी घाई होती, की डोकं चाललंच नाही.

आठवड्याने नाववाल्याचा फोन. "मैडम, पुणे की बीस सवारी शाम से कैमरा लेके उस पार देख रही है। सूरज तो पीछे गलियों में डूब गया। अब इनको क्या दिखाऊँ?"

शेजारी काका शांतपणे डबा खात होते. मी फोनवर हात ठेवून विचारलं, "काका, काय सांगू?"

"सांग, सकाळी पाचला परत या. सूर्य तिकडेच येतो."

* * *

काकांना मीटिंगला नेणं म्हणजे माझ्या जिवाला घोर. एकदा एक मिठाईवाला आला. त्याला लिहून हवं होतं, 'बनारसी मलइयो, आता देशभर घरपोच!' मलइयो म्हणजे दुधाचा नुसता फेस. थंडीत पहाटे दवात तयार होतो आणि ऊन चढलं की बसतो.

तिवारीजी म्हणाले, "हो जाएगा।" मी मान डोलावली. काका म्हणाले, "यह हम नहीं लिखेंगे."

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला. काकांनी पाय बाजूला घेतला आणि पुढे बोलू लागले. "पुणे में डिब्बा खुलेगा, अंदर खाली कुल्हड़ निकलेगा. वह आदमी फिर आपका पेड़ा भी नहीं मँगाएगा."

गेलं गिऱ्हाईक, असं मी मनात म्हणून टाकलं. मिठाईवाल्याने विचारलं, "तो क्या लिखें?"

"लिखिए, हम नहीं भेजते. खाना है तो आइए."

त्या थंडीत त्याच्या दुकानासमोर इतकी रांग लागली, की तिवारीजींनाही मलइयो मिळाला नाही!

* * *

हा पुढचा किस्सा मी हसत सांगू शकत नाही. मणिकर्णिका घाटाजवळच्या एका धर्मशाळेचं काम आमच्याकडे होतं. तिथे महाराष्ट्रातून लोक अस्थी घेऊन येतात, क्रियाकर्म करून जातात. खोली सोडली की त्यांच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जायचा. तो लिहिला होता सॉफ्टवेअरने आणि तपासला होता मी. 'आमच्याकडे आल्याबद्दल धन्यवाद! पुन्हा लवकर या!'

दुखवट्याच्या घरातून निघताना आपण साधं 'येतो' म्हणत नाही. आणि आम्ही वडिलांच्या अस्थी सोडून आलेल्या माणसाला सांगत होतो, पुन्हा लवकर या!

साताऱ्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, माझी आई आजारी आहे. तिने हा मेसेज वाचला."

तिवारीजींनी सॉफ्टवेअरकडून माफीनामा लिहून घेतला. त्याची शेवटची ओळ होती, 'पुढच्या वेळी अधिक चांगली सेवा देऊ.' ते वाचून तिवारीजींचाच चेहरा उतरला.

मी कागद काकांपुढे ठेवला. "तुम्ही लिहा ना."

"हे लिहायचं नसतं, बेटा," म्हणाले. आणि मेसेज गेलेल्यांची यादी घेऊन बसले. तेवीस घरं होती. तेवीसही घरी काकांनी स्वतः फोन केला. साताऱ्याच्या आजींशी तर अर्धा तास बोलत होते.

* * *

एवढं होऊनही पुढच्याच सोमवारी तिवारीजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट नाहीत, पण धंदा मंदावला होता आणि त्यांना वेग हवा होता. "पाध्येजी अच्छे हैं, पर धीमे हैं। शुक्रवार तक उनकी चिट्ठी बना दीजिए."

चिट्ठी म्हणजे कामावरून कमी केल्याचं पत्र. ते मी लिहायचं! चार दिवस त्यातच गेले. अकरा वेळा लिहिलं, अकरा वेळा पुसलं. शुक्रवारी दुपारी काका टेबलाशी येऊन उभे राहिले. "काय अडलंय?"

मी स्क्रीन झाकली. "एका माणसाला कामावरून काढायचं पत्र आहे."

"कोण वाचणार?"

"साठीचे आहेत एक."

"कुठे बसून?"

"घरी. बायकोसमोर."

"वाचून झाल्यावर काय करणार?"

मी स्क्रीन बंद केली. काका म्हणाले, "मग हे लिहायचं नसतं, मधुरा. समोर बसवून सांगायचं." त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले, हात मांडीवर ठेवले. "हं, सांग."

मला रडूच आलं. म्हटलं, "काका, सोमवारी रामनगरला जायचंय. साडीवाल्याला नवं पान हवंय."

"आणि तिवारींना काय देशील?"

"ते मात्र तुम्हीच लिहून द्या!"

काकांनी चष्मा चढवला. तिवारीजींच्या केबिनच्या दाराकडे जरा वेळ बघत बसले आणि मग लिहिलं. चार ओळी. पहिली होती, 'यह बात लिखने की नहीं, सामने बिठाकर कहने की है,' आणि शेवटची, 'सोमवार को पाध्येजी रामनगर जाएँगे.' खाली सही माझी.

मी पाकीट ठेवून दाराशी उभी राहिले, नोकरी गेली असं धरूनच. तिवारीजींनी एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"मधुराजी, ये आपने तो नहीं लिखा है!"

मी जायला वळले.

"सोमवार को उनको नाव से मत भेजिएगा," तिवारीजी म्हणाले, "इस उमर में... ऑटो करवा दीजिए."