धर्मयुद्धांची पोथी

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायचा मला अधिकार आहे का, हे अजून कळत नाही. पण त्या पुस्तकाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगढ राज्याची राजधानी झालं होतं. इतिहासाच्या एम.ए.साठी माझी मुलाखत होती. नंबर लागला नाही तर शहराबाहेर उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये बाबांसोबत कामाला लागायचं, असं ठरलं होतं. जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुसलमान फौजांत झालेल्या जुन्या धर्मयुद्धांवरचं एक पुस्तक मी ग्रंथालयातून आणलं. परदेशी इतिहासकाराचं, हिंदी अनुवादातलं. सराव म्हणून संध्याकाळी मोठ्यानं वाचायला बसलो.

आमच्याकडे मोठ्यानं वाचतात ती पोथी. आईनं पुस्तकाच्या वर्तमानपत्री कव्हरला हळदकुंकू लावलं. शेजारची छत्तीसगढी काकी डोक्यावर पदर घेऊन बसली. अध्याय संपला की साखर वाटली जायची. इतिहासकार लिहायचाही असा, की युरोपातून आलेले शिपाई सगळे दांडगे, लुटारू आणि मुसलमानांचा सुलतान मात्र दिलदार. आजारी शत्रूला त्यानं बर्फ पाठवला, तेव्हा काकीनं हात जोडले. "कतका बढ़िया मनखे हे!" केवढा भला माणूस, म्हणाली.

मीही हात जोडल्यासारखाच वाचत होतो. पोथीला कोणी प्रश्न विचारतं का?

बाबांनी विचारला. पहिल्या पाळीहून येऊन ते भिंतीला टेकून ऐकत असत.

"थांब. हे शिपाई वावर इकून निघाले म्हणतं ना तुहं पुस्तक?"

"हो."

"मंग लुटीसाठी काहून जातीन? वावर इकून कोणी चोरी करायले जाते का? याले कोणं सांगितलं?"

"अहो, पोथीत मधे बोलू नये," आई म्हणाली.

"हव, पण ह्या पोट्ट्याले मास्तरानं विचारलं तर?"

इतिहासकारालाही विचारावं, हेच मला सुचलं नव्हतं.

मुलाखतीत मी त्या पुस्तकाचं नाव घेतलं, तेव्हा सरांनी हिंदीत विचारलं, हा इतिहासकार लोकांना इतका का पटतो? पाठ केलेलं सगळं विसरलो. घाबरत सांगितलं, "सर, कहानी इतनी अच्छी है कि हमारे घर में सबने हाथ जोड़ लिए. बस बाबूजी नहीं माने." मग बाबांचा वावराचा, म्हणजे शेत विकण्याचा, प्रश्न सांगितला.

सर हसले. बाकीचेही हसले. "नए इतिहासकार भी यही पूछ रहे हैं. पिताजी क्या करते हैं?"

"उरला में हैं, सर. मिल में."

घरी आल्यावर मला वाटलं, हसले म्हणजे गेलं. प्रवेशाच्या यादीची तारीख दोनदा पुढे गेली. बाबांनी मिलच्या सुपरवायझरशी बोलणीही केली. मी यादी बघायला जायचं टाळत होतो.

शेवटी पुरानी बस्तीतला मित्र सायकलवरून आला आणि दारातूनच ओरडला, "अबे, तेरा नाम है! सबसे नीचे है, पर है!"